संतचरित्राचा शोध : श्रीगाडगेबाबांच्या घराण्याच्या नोंदींवरून एक पाठ



गेल्या पुण्यतिथीच्या सप्ताहात आमची कीर्तनसेवा वलगाव येथे झाली. वलगाव हे अमरावतीजवळचे, पेढी नदीच्या काठचे गाव. २० डिसेंबर १९५६ रोजी, मध्यरात्र उलटल्यावर, आजारी गाडगेबाबांना मोटारीतून अमरावतीकडे नेत असता याच गावापाशी, पेढीच्या पुलावर, त्यांचा देह पडला. म्हणून वलगावास लोक बाबांची निर्वाणभूमी म्हणतात. समाधी अमरावतीस आहे, पण शेवटचा श्वास वलगावचा. अशा ठिकाणी कीर्तनास उभे राहायचे म्हणजे जबाबदारी मोठी.

आणि त्याच ठिकाणी आमची चूक झाली. बाबांचे चरित्र सांगता सांगता आम्ही भरात बोलून गेलो की, "गाडगे घराण्यात हे रत्न जन्मास आले." टाळकऱ्यांनी गजर केला, कीर्तन पुढे गेले, आरती झाली. मंडळी पाया पडून उठू लागली तेव्हा ऐंशी उलटलेले एक वृद्ध काठी टेकीत आले आणि हळूच म्हणाले, "महाराज, राग नका मानू. पन गाडगे हे काही बाबाचं आडनाव नव्हतं. हातात गाडग्याचं खापर राहे, म्हनून लोकं गाडगेबाबा म्हनत."

आम्ही खाली पाहिले. पाठशाळेत पंचमहाकाव्ये वाचलेली, तर्कसंग्रह मुखोद्गत केलेला, चाळीस वर्षे कीर्तने केलेली, आणि ज्याची पुण्यतिथी त्याचे आडनाव आम्हांस नीट सांगता येईना! आम्ही हात जोडून म्हणालो, "माउली, चूक झाली. उद्याच्या कीर्तनात दुरुस्त करतो." तेव्हा ते वृद्ध थोडे थांबले आणि त्यांनी जे विचारले त्यानेच हा लेख लिहावयास लावला. ते म्हणाले, "महाराज, बाबाचं तं लोकं शोधून काढतात. पन आमच्या आज्याचं नाव कोठी लिवलं असन काय? थो बी बाबाच्या संगं झाडू मारे. आमच्या घरात कोनाले अक्षर येत नव्हतं."

ज्यांच्या घरी अक्षर नव्हते, त्यांचे चरित्र कसे शोधावे, हा तो प्रश्न आहे. प्रत्येक गावात असा कोणी भगत, वीणेकरी, विहीर खोदणारा किंवा दिंडी सुरू करणारा होऊन गेलेला असतो. त्याची कथा दोन पिढ्यांत पुसट होते आणि तिसऱ्या पिढीत चमत्कार होऊन बसते. तो चमत्कार होण्यापूर्वी त्याचे खरे चरित्र कसे हाती घ्यावे, याची रीत बाबांच्याच घराण्यावरून या अंकी सांगावयाची आहे.

॥ प्रमाण कोणते? ॥

न्यायशास्त्रात ज्ञानाची चार साधने सांगितली आहेत : प्रत्यक्ष, अनुमान, उपमान आणि शब्द. गेलेल्या माणसाच्या बाबतीत प्रत्यक्ष संपलेले असते. उरतात मुख्यतः दोन, शब्द आणि अनुमान. परंतु शास्त्र कोणाचाही शब्द प्रमाण मानीत नाही. ज्याला वस्तू जशी आहे तशी ठाऊक आहे आणि जो ती तशीच सांगतो, अशा आप्ताचाच शब्द प्रमाण. आता पाहा, कीर्तनकार हा श्रोत्यांचा आप्त असतो. त्याने व्यासपीठावरून सांगितले ते घरोघर जाते. तो चुकला तर गाव चुकते.

आपल्या संप्रदायात चरित्र सांगण्याची परंपरा थोर आहे. ताहराबादच्या महीपतींनी शके १६८४ मध्ये, म्हणजे सन १७६२ साली, 'भक्तविजय' पूर्ण केला. आपण कोणाच्या आधारे लिहितो हे सांगण्यास ते लाजले नाहीत; नाभाजी आणि उद्धवचिद्घन यांचे ऋण त्यांनी मान्य केले. आधार सांगणे ही जुनी सभ्यता आहे. ती आम्ही अलीकडे विसरलो, एवढेच.

॥ पहिला पाठ : नाव ॥

शोध घ्यावयाचा तर प्रथम माणसाचे नाव निश्चित करावे. हे सोपे वाटते, पण तसे नसते. बाबांना कोणी गाडगे महाराज म्हणत, अंगावरच्या ठिगळांमुळे कोणी गोधडे महाराज म्हणत, कोणी चिंधे महाराज म्हणत. ही सारी लोकांनी दिलेली नावे. घरचे नाव डेबूजी. वडिलांचे नाव झिंगराजी, आईचे सखुबाई, आणि आडनाव जानोरकर. जात परीट, जिला आपल्या वऱ्हाडात वरठी असेही म्हणतात.

आता एखादा भाविक कचेरीत जाऊन 'गाडगे' नावाची नोंद शोधू लागला, तर जन्मभर शोधूनही त्यास काही सापडणार नाही. शोधावयाचे ते 'झिंगराजी' या नावाने. शिवाय आडनाव स्वतःच काही सांगते. 'कर' शेवटी असलेल्या आडनावात बहुधा मूळ गाव दडलेले असते. जानोरकर म्हटले की पूर्वज कधी काळी जानोरी नावाच्या गावाहून आले असावेत, असे अनुमान निघते. धूर दिसला म्हणून अग्नी आहे असे म्हणावे, तसे हे आहे. पण अग्नी प्रत्यक्ष पाहीपर्यंत ते अनुमानच म्हणावे, सिद्धांत म्हणू नये.

आपल्या गावच्या सत्पुरुषाविषयी हेच करावे. वहीच्या पहिल्या पानावर त्याची सर्व नावे लिहावी : घरचे, शाळेतले, लोकांनी ठेवलेले, आणि बाई असेल तर माहेरचे व सासरचे दोन्ही. लग्नात नाव बदलण्याच्या रीतीमुळे कित्येक साध्वी अर्ध्या आयुष्यानंतर कागदांतून नाहीशा होतात. त्यांना माहेरच्या नावाने शोधले तरच त्या भेटतात.

॥ दुसरा पाठ : काळ ॥

जुन्या माणसांस तारीख ठाऊक नसते, तिथी ठाऊक असते. "शिवरात्रीच्या दिवशी झाला," "पोळ्याच्या आदल्या दिवशी गेला," असे ते सांगतात. शहाणी मंडळी हे ऐकून हसतात. हसू नये. तिथी ही पंचांगाने पडताळता येते.

बाबांचा जन्म महाशिवरात्रीचा, अशी परंपरा आहे, आणि चरित्रांत तारीख दिली जाते २३ फेब्रुवारी १८७६. आम्ही गणित करून पाहिले. गुढीपाडव्यानंतरच्या तारखेत इसवी सनातून ७८ वजा केले की शक येतो. पाडव्यापूर्वीची तारीख असेल तर ७९ वजा करावे. फेब्रुवारी पाडव्यापूर्वी येतो, म्हणून १८७६ मधून ७९ गेले, शके १७९७ आले. हे युवानाम संवत्सर. त्या वर्षी माघातील अमावास्या फेब्रुवारीच्या २४-२५ तारखेच्या सुमारास पडते, म्हणजे २३ तारखेस वद्य चतुर्दशीची रात्र येते. वार बुधवार. म्हणजे लोकांच्या तोंडची शिवरात्र आणि पुस्तकातली तारीख एकमेकींस साक्ष देतात. अशी दोन साक्षी जुळली की मनास समाधान होते.

निर्वाणाविषयीही एक गोष्ट ध्यानात ठेवावी. २० डिसेंबर १९५६ हा इंग्रजी रीतीने गुरुवार. परंतु आपल्या शास्त्राप्रमाणे वार सूर्योदयास बदलतो. मध्यरात्रीनंतरची ती वेळ आपल्या गणनेत बुधवारच्या रात्रीतच मोडते. म्हणून गावातला एखादा म्हातारा "बुधवारी रात्री बाबा गेले" म्हणाला, तर तो खोटा ठरत नाही आणि पुस्तकही खोटे ठरत नाही. शके १८७८, मार्गशीर्षाचा वद्य पक्ष होता. दोन नोंदींत एका दिवसाचा फरक दिसला की भांडू नये. आधी दिवस कोठे सुरू झाला ते पाहावे.

निजामी अमदानीचे कागद हाती आले तर त्यांवर फसली सन असतो. दक्षिणेकडील फसली सनात साधारण ५९० मिळवले की इसवी सन येतो. हे कागद मोडीत, कधी फारशी लिपीतही असतात. मोडी जाणणारा मनुष्य शोधावा, आणि तरुणांनी ती लिपी शिकावी. थोडक्या महिन्यांत वाचता येऊ लागते.

॥ तिसरा पाठ : गाव आणि राजवट ॥

बाबांचे जन्मगाव शेणगाव. आज त्यास शेंडगाव म्हणतात आणि ते अंजनगाव सुर्जी तालुक्यात आहे. जुन्या चरित्रांत ते दर्यापूर तालुक्यात दाखविलेले असते. दोन्ही खरे. गाव हलत नाही, सरहद्दी हलतात.

वऱ्हाडापुरते हे नीट समजून घेऊ. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली दिले. १९०२ साली ते कायमच्या पट्ट्याने गेले आणि १९०३ साली मध्यप्रांतास जोडले गेले. स्वातंत्र्यानंतर ते मध्यप्रदेशात राहिले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले. म्हणजे बाबा जन्मले एका कारभारात, कीर्तने केली दुसऱ्यात, आणि देह ठेवला तो मुंबई राज्यात वऱ्हाड आल्यावर दोन महिन्यांच्या आत! कागद त्या त्या राजवटीच्या दप्तरात पडतात, म्हणून हा क्रम पाठ असावा.

जिल्ह्यांचेही तसेच. पूर्वी एलिचपूर, म्हणजे आजचे अचलपूर, हा स्वतंत्र जिल्हा होता आणि दर्यापूर तालुका त्यात होता. १९०५ साली तो जिल्हा मोडून अमरावतीत मिळविला. त्याच वर्षी मूर्तिजापूर तालुका अमरावतीतून निघून अकोल्यात गेला. बाबांचे आजोळ दापुरे याच मूर्तिजापूर तालुक्यातले. आणि बाबांनी घर सोडले ते १ फेब्रुवारी १९०५ रोजी. एकाच वर्षी डेबूजीने घर सोडले आणि तालुक्याने जिल्हा सोडला. १९०५ पूर्वीचा दापुऱ्याचा कागद शोधणाऱ्याने अकोल्याबरोबर अमरावतीचाही दरवाजा ठोठवावा, तो यासाठी.

॥ चौथा पाठ : कोतवाल बुक ॥

आपल्या विदर्भात जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदींचे मोठे साधन म्हणजे कोतवाल बुक. गावचा कोतवाल कोणाकडे मूल झाले, कोण मेले, याची खबर देई आणि त्याप्रमाणे वही भरली जाई. या वह्या तहसील कचेरीच्या अभिलेख कक्षात असतात आणि अर्ज करून नक्कल मिळते. पुढे १९६९ च्या कायद्याने जन्ममृत्यूची नोंद सर्व देशात सक्तीची झाली. त्यानंतरच्या नोंदी ग्रामपंचायतीत व नगरपालिकेत पाहाव्या.

कोतवाल बुकात गाव, तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी, एवढे असते. मुलाचे नाव पुष्कळदा नसतेच, कारण खबर जाई तेव्हा बारसे झालेले नसे. ही गोष्ट मनाला लागते. पुढे ज्याच्या नावाने महाराष्ट्र झाडू हाती घेतो, तोसुद्धा अशा वहीत केवळ 'झिंगराजी वरठी यास मुलगा' एवढाच असता. वही भरणाऱ्यास काय ठाऊक, कोण जन्मास आले ते! म्हणून बापाचे नाव, गाव आणि तिथी ही तीन सूत्रे आधी हाती घेऊन मगच वही उघडावी. ती नसतील तर वहीत केवळ 'मुलगा, मुलगी, मुलगा' अशी रांग दिसते.

मृत्यूची नोंद अधिक बोलकी असते. तीत नाव असते, वय असते, बहुधा कारणही असते. झिंगराजी वारले ते १८८४ च्या सुमारास. दारूच्या व्यसनाने शरीर पोखरले होते. डेबू त्या वेळी आठ वर्षांचा. बाबा पुढे दारूविरुद्ध एवढे पोटतिडकीने का बोलत, हे त्या एका मरणात आहे. कीर्तनकाराने हे सांगावे. बापाचे व्यसन झाकून ठेवू नये. संताचे मोठेपण घराण्याच्या शुद्धतेवर उभे नसते.

॥ पाचवा पाठ : जमीन आणि पावती ॥

विधवा सखुबाई मुलास घेऊन माहेरी दापुऱ्यास आली. तेथे डेबूचे आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान. घरी शेती होती. डेबू गुरे राखी, नांगर धरी, पूर्णेत पोहे. १८९२ साली कुंताबाईशी लग्न झाले. पहिल्या मुलीच्या बारशास जातीच्या चालीप्रमाणे मांस आणि दारू वाढावयाची, तर डेबूजीने गोडाचे जेवण घातले. सुधारणा व्याख्यानातून सुरू झाली नाही, घरच्या पंगतीतून झाली.

आणि मग ती गोष्ट घडली. मामाने एका सावकाराचे कर्ज काढले होते. फेडीचे पैसे वेळोवेळी दिले, पण पावती घेतली नाही. अक्षर येत नव्हते, आणि सावकाराच्या शब्दावर विश्वास होता. शेवटी सावकाराच्या कागदावर कर्ज तसेच उभे राहिले आणि शेत गेले. सावकाराची माणसे ताबा घ्यावयास आली तेव्हा डेबूजी शेतात आडवे उभे राहिले, हे चरित्रांत आहे. मामा मात्र त्या धक्क्यातून सावरले नाहीत.

वाचकहो, येथे थोडे थांबावे. या घराण्याचा इतिहास कागदात शोधू म्हणतो आपण. पण याच घराण्यास कागदाने बुडविले होते! वऱ्हाडात १८६० नंतरच्या दशकात रयतवारी मोजणी झाली, खातेदाराचे नाव सरकारी दप्तरात चढू लागले. ज्याला वाचता येत होते त्यास ते दप्तर ढाल झाले. ज्याला वाचता येत नव्हते त्याच्यावर तेच तलवार होऊन पडले. बाबा पुढे जन्मभर सांगत राहिले की पोटाला चिमटा घ्या, हातावर भाकरी घेऊन खा, पण मुलास शाळेत घाला. हा उपदेश पुस्तकातून आलेला नाही. न मिळालेल्या एका पावतीतून आलेला आहे.

म्हणून घराण्याचा शोध घेताना जमिनीचे कागद अवश्य पाहावे : मोजणीची पत्रके, हक्कनोंदणी, फेरफार, आजचा सातबारा. एका नावावरून दुसऱ्या नावावर जमीन का गेली, या 'का'पाशी थांबावे. वारसाने गेली की विक्रीने? विक्री झाली तर कोणत्या साली? लगतच्या साली दुष्काळ होता काय? १८९९-१९०० चा मोठा दुष्काळ वऱ्हाडानेही भोगला. फेरफाराची एक कोरडी ओळ आणि दुष्काळाचे साल शेजारी ठेवले की एका घराचे रडणे ऐकू येते.

॥ सहावा पाठ : तीर्थाच्या वह्या, आणि त्या वह्यांचे मौन ॥

नाशिक, त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्याय यजमानांच्या घराण्यांच्या वह्या पिढ्यान्‌पिढ्या राखतात. आपल्या पंढरपुरातही क्षेत्रोपाध्यायांकडे यात्रेकरूंच्या नोंदी असतात. आपले गाव आणि आडनाव सांगावे. आजा, पणजा कधी आले, बरोबर कोण होते, हे निघण्याचा संभव असतो. कित्येक जातींचे भाटही वंशावळीच्या वह्या घेऊन फिरत. ही साधने अमोल आहेत.

पण त्यांची मर्यादाही सांगितली पाहिजे. वहीत नाव कोणाचे चढे? ज्याने विधी केला, दक्षिणा दिली, आणि ज्यास विधीचा अधिकार मानला गेला त्याचे. पंढरपूरचे मंदिर सर्वांस खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी उपोषण केले ते मे १९४७ मध्ये. त्यापूर्वी शेकडो वर्षे जे लोक पायी चालत येऊन महाद्वाराबाहेरून कळसास हात जोडून परत गेले, त्यांची नावे कोणत्या वहीत आहेत? जे वहीत नाहीत ते वारीत नव्हते, असे म्हणणे हा मोठा अपराध होईल.

अशा ठिकाणी कागद सोडून दगडाकडे पाहावे. बाबांनी पंढरपुरास चोखामेळ्याच्या नावाने धर्मशाळा बांधली. ज्यांस कोठे टेकावयास जागा नव्हती त्यांच्या वारीची नोंद तीच. मूर्तिजापूरचे गोरक्षण, ऋणमोचनचा पूर्णेवरील घाट, नाशिक, आळंदी, देहू येथील धर्मशाळा, या बाबांच्या आयुष्याच्या पायऱ्या आहेत. इमारतीवरची पाटी, वर्गणीची यादी, विश्वस्तांचे कागद, यांवरून साल निघते. आणि एक गोष्ट नजरेत भरते : एवढ्या मिळकतीत बाबांनी आपल्या घराण्याचा वाटा ठेवला नाही. संस्था विश्वस्तांच्या हवाली केल्या. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झाले. एरवी घराण्याच्या नोंदीत आपण वारसा शोधतो. येथे वारसा न ठेवल्याची नोंद हीच चरित्राची सर्वांत मोठी ओळ आहे.

॥ सातवा पाठ : माणसे ॥

शेवटी, आणि खरे तर सर्वांआधी, माणसे विचारावी. कागद शंभर वर्षे थांबतो, माणूस थांबत नाही. बाबांना डोळ्यांनी पाहिलेली मंडळी आता थोडी उरली आहेत. विचारण्याची रीत अशी : एका बैठकीत फार विचारू नये. सालाने विचारू नये, प्रसंगाने विचारावे. "किती साली?" याऐवजी "तुमचे लग्न झाले होते काय तेव्हा?" असे विचारावे. आणि ऐकलेले व पाहिलेले वेगळे करावे. "हे तुम्ही पाहिले की तुम्हांस कोणी सांगितले?" हा प्रश्न नम्रपणे प्रत्येक वेळी करावा.

याला कारण आहे. १९७७ साली बाबांवर 'देवकीनंदन गोपाला' हा चित्रपट निघाला. तो गावोगाव पाहिला गेला. आता कित्येक जण त्यात पाहिलेले प्रसंग बाबांच्या प्रत्यक्ष आठवणी म्हणून सांगतात. त्यांचा भाव खोटा नाही, पण प्रमाण म्हणून ते घेता येत नाही. त्याउलट प्रबोधनकार ठाकरे यांचे चरित्र १९५२ साली, म्हणजे बाबा हयात असतानाच प्रसिद्ध झाले. गो. नी. दांडेकर तरुणपणी बाबांच्या सहवासात राहिले आणि त्यांनीही लिहिले. जवळून पाहिलेल्याचा शब्द दुरून ऐकलेल्याच्या शब्दापेक्षा वजनाने अधिक, हे सूत्र कधी सोडू नये. बाबांच्या अखेरच्या दिवसांतील मुंबईच्या कीर्तनाचे ध्वनिमुद्रणही उपलब्ध आहे. ज्याला अक्षर येत नव्हते त्याचा आवाज उरला, ही पांडुरंगाची कृपाच म्हणावी.

॥ एक सावधगिरी ॥

अलीकडे जुन्या नोंदी शोधणारांची कचेरीत गर्दी असते. २०२३ पासून तर जातीच्या दाखल्यांसाठी कोतवाल बुके, मोडी कागद, शाळांची दाखलखारीज रजिस्टरे घरोघर बोलण्यात आली. ज्याचा हक्क आहे त्याने तो जरूर मिळवावा. परंतु वारकऱ्याने तीच वही उघडताना जातीच्या रकान्यावरच बोट ठेवून थांबू नये. बाबांच्या नोंदीत वरठी असे लिहिलेले असले, तर ते झाकू नये आणि त्याचे भांडवलही करू नये. जो मनुष्य कोठून निघाला हे कळते, त्याचीच चाल किती लांब झाली हे मोजता येते. शेणगावचा उंबरा ठाऊक नसेल तर वलगावच्या पुलापर्यंतची वाट किती, हे कसे कळणार?

दुसरी सावधगिरी चमत्कारांची. बाबा स्वतः कोणाचे गुरू झाले नाहीत, कोणास शिष्य केले नाही, पाया पडू दिले नाही. त्यांच्या चरित्रात चमत्कार घालणे म्हणजे त्यांनी झाडून बाहेर टाकलेला केर पुन्हा देवळात आणून टाकणे. १९२३ साली कोकणात कीर्तनाच्या वेळी एकुलता मुलगा गोविंद गेल्याची बातमी त्यांच्या हाती आली, आणि त्यांनी कीर्तन थांबविले नाही. एवढे सत्य असता चमत्काराची गरज कोणास आहे?

॥ उपसंहार ॥

वलगावच्या दुसऱ्या दिवशीच्या कीर्तनात आम्ही प्रथम आदल्या दिवसाची चूक सांगितली, आणि ती दुरुस्त करणारे वृद्ध कोण हे हात करून दाखविले. गजर झाला तो त्यांच्यासाठी झाला. नंतर त्यांच्या नातवास बसवून त्याच्याकडून एक वही करून घेतली. पणज्याचे नाव, गाव, आणि "नागपंचमीला जन्मला" एवढीच तिथी हाती होती. पंचांगावरून दोन-तीन साले संभवनीय ठरली. मुलाने अर्ज केला, चार खेपा घातल्या.

फाल्गुनात ते आजे-नातू आम्हांस भेटावयास आले. मुलाने कागदाची घडी उलगडली. नागपंचमीची तारीख, गावाचे नाव, पणज्याच्या बापाचे नाव, आणि पुढे एकच शब्द, 'मुलगा'. नाव नव्हतेच. आम्हांस वाटले म्हातारे निराश होतील. त्यांनी तो कागद कपाळास लावला आणि नातवास म्हणाले, "आता तू लिव बापा तेच्यापुढं त्याचं नाव. तुले तं येते." मुलाने आपल्या वहीत ते लिहिले. झाडू हाती घेऊन बाबांच्या मागे चालणारा तो मनुष्य असा चार पिढ्यांनी अक्षरात आला.

ज्यांना हा पाठ आवडला त्यांनी पुढील एकादशीपर्यंत एवढेच करावे : घरातील सर्वांत वृद्ध माणसाजवळ बसावे आणि चार पिढ्यांची नावे, गावे आणि तिथ्या एका वहीत उतरावयास आरंभ करावा. बायकांची नावे माहेरासह लिहावी. जेथे शंका तेथे 'ऐकीव' असे लिहावे. वही पूर्ण होणार नाही, न होवो. पुढच्या पिढीस पुढचे पान कोरे मिळाले तरी ते पान तिचेच आहे.

असो. या लेखातही आमचे काही चुकले असेल, तर वलगावच्या त्या माउलीप्रमाणे कोणीही आमचा कान धरावा. आम्ही पुढील कीर्तनात दुरुस्ती करू.

पुंडलिकवरदा हरि विठ्ठल.